घरच्या अडचणी शाळेनं पाहायच्या की नाही?

पऱ्हाटी
काल इथेच एका गुरुजींनी लिहिलं, "शाळेचं काम शिकवणं. घरी बाप पितो, कर्ज झालं, माय आजारी, हे आम्ही का पाहायचं? आम्ही समाजसेवक नाही." खाली धडाधड अंगठे पडले. म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली. सातबारा त्याच्या वडिलांच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं, त्यामुळे केस 'अपात्र' झाली. एक लाखाची सरकारी मदत गेली. बायको निंदणाला, कापूस वेचणीला जाते. मुलगी सातवीत. वेचणी सुरू झाली की धाकट्याला सांभाळायला ती घरी थांबते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईत नुसते 'गै', 'गै'. कुणी विचारलं नाही का येत नाही. आली त्या दिवशी गृहपाठ नाही म्हणून उभी केली.

बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये मिळतात, एका मुलामागे. बाप नसलेल्या मुलांना लागू आहे. या बाईला ते माहीतच नव्हतं. शाळेनं तिला बँकेच्या खात्यासाठी बोनाफाईड दिलं होतं, पण तेव्हाही कुणी बोललं नाही.

गुरुजींनी नवरा-बायकोची भांडणं सोडवावी असं माझं म्हणणं नाही. पण गावात त्या लेकराचं तोंड रोज पाहणारं सरकारी माणूस दुसरं कोण आहे? तलाठी? विचारावं, आणि कोणता कागद कुठे द्यायचा ते सांगावं. एवढंच.

खडू-फळा
ताई, ते मीच लिहिलं होतं. आजही तेच म्हणतो. पहिली ते पाचवी, आम्ही दोघं शिक्षक, त्यातला एक बीएलओ, म्हणजे मतदार याद्यांच्या कामाला. खिचडीची रोजची नोंद, शाळेची ऑनलाइन माहिती (यूडायस), आधार दुरुस्ती, मुलांचे अपार ओळख क्रमांक, वरून रोज नवी लिंक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला देऊ नये असं लिहिलंय. ते फक्त कागदावर.

आणि विचारायला गेलं की काय होतं तेही ऐका. एका बापाला पिण्याबद्दल समजवायला गेलो. दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी उभा राहून मला आयमायवरून शिव्या देऊन गेला. पोरगं लाजेनं कित्येक दिवस आलं नाही. त्याचं काय भलं झालं?

बांधावरून
गुरुजी, विचाराले तुमी गावात रायता कुठं? शाळा सुटली का गाडीले किक. अन् मुख्यालयी, म्हंजे नोकरीच्या गावातच, रायतो म्हणून ग्रामसभेचा ठराव घेता, घरभाडं उचलता. पह्यलेचे गुरुजी गावातच रायत. कोनाच्या घरी चूल पेटली नाई हे त्याईले सांजच्याले समजे.

खडू-फळा
भाऊ, आमच्या गावात भाड्यानं धड एक खोली दाखवा, उद्या सामान आणतो. पत्नीची नोकरी तालुक्याला आहे, माझी मुलं तिथं शिकतात. तलाठी राहतो का तुमच्या गावात? ग्रामसेवक? कृषी सहायक? त्यांना कुणी जाब विचारत नाही. मास्तर तेवढा सगळ्यांच्या डोळ्यांत सलतो.

बांधावरून
तुमच्या पोराईले कॉन्व्हेंट, अन् आमच्या पोट्ट्याईले तुमी! तुमचंच लेकरू जिल्हा परिषदेच्या शाळेत नाई तं आमी कोनाच्या भरोशावर टाकाव?

खडू-फळा
माझ्या मुलांपर्यंत जायचं काम नाही. तोंड सांभाळून बोला.

निळी बस
अहो, मुख्यालयाचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या ना. आमच्या बाई अमरावतीहून अप-डाऊन करायच्या. आई आजारी होती आणि माझी शाळा सोडवायचं घरी ठरलं होतं. बाई घरी आल्या नाहीत, वर्गात सगळ्यांसमोर विचारलं नाही. थांब्यावर शाळेच्या मुलींसाठी असलेल्या मानव विकासच्या बसची वाट पाहताना हळूच विचारलं, "स्वयंपाक तू करून येतेस का?" मी रडायलाच लागले. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत राहिलेलं गणित घ्यायच्या. शाळा सुटली नाही. मुक्कामाला कुठे राहायच्या याचा त्याच्याशी काय संबंध?

बांधावरून
एक बाई चांगली निंगाली म्हणून सारे चांगले होत नाई. पन तुमच्या बाईले माह्या नमस्कार.

माजी मुख्याध्यापक
शाळा व्यवस्थापन समिती कशाला आहे? तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कायद्यातच आहे. सभा फक्त सह्यांपुरती होते. समितीनं अशा घरांची यादी करावी, शिक्षकावरचा भार कमी होईल.

पऱ्हाटी
सर, मान राखून सांगते, यादी नको. समितीत त्या शेजारच्या बाईचा चुलत दीर बसतो, जमिनीचा वाद त्याच्याशीच आहे. त्याच्यासमोर ती तोंड उघडेल? संध्याकाळी पानठेल्यावर चर्चा होईल. हे एकट्या माणसानं, एकट्या माणसाशी बोलायचं काम आहे.

खडू-फळा
बरं. घरी जाणार नाही, हे आधीच सांगतो. बालसंगोपनच्या अर्जाचा नमुना कार्यालयाच्या भिंतीवर लावतो. पण पैसे महिनोन्महिने अडकले की लोक माझ्याच दारात येतील, त्याची जबाबदारी माझी नाही.

पऱ्हाटी
नाही तुमची. फक्त भिंतीवर नका लावू, तिच्यासारख्यांना वाचता येत नाही. जूनअखेर पुस्तकं घ्यायला पालक येतात तेव्हा बाजूला घेऊन सांगा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक आणि तुमचं बोनाफाईड. बोनाफाईड मागायला त्यांची मजुरी बुडवून दोन चकरा मारायला लावू नका.

खडू-फळा
त्याच दिवशी देईन. मुलगी आमच्या शाळेतली नाही, पण तुमच्या मुख्याध्यापकांशीही बोलतो. मात्र त्या भाऊंनी माझ्या मुलांबद्दलचं मागं घ्यावं.

बांधावरून
लेकराईबद्दलचं घेतो मांगं. घरभाड्याचं नाई घेत. ते ग्रामसभेत इचारीनच.