‘कोझी मर्डर मिस्ट्री’ला मराठीत काय म्हणावं?

डिंकलाडू
एका ओटीटीसाठी मालिकांच्या दोन-दोन ओळींच्या ओळखी मराठीत करून देते. डिसेंबरसाठी यंदा एक आख्खा रकानाच आलाय : ‘कोझी ख्रिसमस मर्डर मिस्ट्री’. आत सगळी ओळखीची मंडळी. डेव्हिड सुशेने रंगवलेला अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो, ‘मिडसमर मर्डर्स’चे बार्नबी, ‘फादर ब्राउन’, ‘डेथ इन पॅरडाइज’. पलीकडून आलेला कच्चा मसुदा असा : ‘उबदार नाताळ खून रहस्य’. उबदार खून! म्हणजे प्रेत अजून गार पडायचंय की काय? चार शब्दांच्या आत बसेल असं काही सुचवा. ‘कोझी’ तसंच ठेवा, असं कृपया कुणी सांगू नका, तो पर्याय मलाही माहीत आहे.

तिरपागडे
गोधडीतले खून.

डिंकलाडू
वाचून गोधडीखाली मुडदा सापडल्यासारखं वाटतंय. पुढे?

पानसुपारी
‘ऊब’ला उगाच झोडपू नका. शब्द बरा आहे, नुसता भलत्या नामाला चिकटलाय. ऊब बघणाऱ्याला. इंग्लंडात डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं, बाहेर पडायची सोय नाही, घरात पाहुणे. अशा वेळी दुसऱ्याच्या घरातली भानगड बघायला मजा येते. प्वारोचा ख्रिसमसवाला भाग आठवा. त्याच्या फ्लॅटमधलं हीटिंग बंद पडलेलं असतं. सिमियन ली नावाच्या खडूस म्हाताऱ्याच्या बंगल्यात सेंट्रल हीटिंग आहे म्हटल्यावर हा गडी तिकडे जायला राजी होतो. शब्दशः उबेसाठी गेला आणि खुनात सापडला.

माडाखाली
गोव्यातून एक आगाऊ विनंती : ‘सुशेगाद’ सुचवू नका. सुचवणारच कुणीतरी. तो माणसाचा निवांत स्वभाव आहे, खोलीचा नाही आणि खुनाचा तर नाहीच. शिवाय पर्यटकांच्या टी-शर्टांवर छापून छापून त्याचा आधीच खून झालाय. ‘नाताळ’ मात्र ठेवा. पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलेला, मराठीत चांगला मुरलेला शब्द आहे.

बोरूबहाद्दर
‘कोझी’ची रूढ व्याख्या अशी : खून पडद्याआड, रक्त जेमतेम, गाव छोटं, शोधणारा बहुधा हौशी. त्यावरून ‘सौम्य रहस्यकथा’ किंवा ‘सोवळी रहस्यकथा’ म्हणता येईल. सोवळी, कारण कुणाच्या हाताला काही लागत नाही.

पानसुपारी
‘सोवळी’ छान आहे, पण व्याख्याच गळकी आहे. त्याच प्वारोकथेचं पुस्तक १९३८चं. अगाथा ख्रिस्तीच्या मेहुण्याची तक्रार होती की तुझे खून फार शिष्ट व्हायला लागलेत, एखादा भरपूर रक्ताचा येऊ दे. म्हणून तिने हे लिहिलं आणि अर्पणपत्रिकेत तसं सांगूनही टाकलं. बंद खोली, उलथलेलं फर्निचर, रक्ताचं थारोळं. तरी ते सगळीकडे कोझीच्याच फळीवर असतं. तेव्हा रक्त मोजून काही हाती लागणार नाही.

हळदकुंकू
रक्त नाही, सुतक मोजा.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या वर्षी सण नाही. कंदील नाही, फराळ नाही. शेजारणी आणून देतात तेवढाच. या मालिकांत ऐन ख्रिसमसच्या आदल्या रात्री घरचा कर्ता पुरुष मरतो, आणि झाड तिथेच, दिव्यांच्या माळा तिथेच, पोलिसांना चहाबरोबर मिन्स पाय. कुणी धाय मोकलून रडत नाही, कारण गेलेला असा असतो की ब्याद टळली म्हणून सगळे मनातून सुटलेले. उलटं उदाहरण घ्या. २००७ची डॅनिश मालिका ‘फोर्ब्रूडेल्सन’. पहिल्या पर्वाचे वीसच्या वीस भाग एका मुलीच्या खुनावर, आणि खुनाइतकीच तिच्या आईबापांच्या घरात काय झालं त्यावर. ती बघताना आपल्यालाही सुतक लागतं. म्हणून माझी सूचना : बिनसुतकी खून.

तिरपागडे
दंडवत.

बोरूबहाद्दर
कल्पना पटली, शब्द नाही. लोक ख्रिस्ती, सुतक कुठून आणलंत? तिथे दुखवटा म्हणा. आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजांचा दुखवटा आपल्याहून कडक होता. नवऱ्यामागे राणी जन्मभर काळ्या कपड्यांत राहिली.

हळदकुंकू
म्हणूनच तर पुढच्या पिढ्यांना दुखवटा नसलेलं मरण वाचायला गोड लागलं असेल! हा आपला माझा तर्क. ‘बिनदुखवट्याचा’ म्हणताना मात्र जीभ अडखळते.

माडाखाली
‘डेथ इन पॅरडाइज’चं काय करताय? तिथे थंडीच नाही. मालिकेतलं सेंट मरी बेट काल्पनिक, चित्रीकरण कॅरिबियनमधल्या ग्वादलूपला. २०२१पासून त्यांचे ख्रिसमस विशेष भाग येतात, त्यात घाम पुसत खून. बर्फ, शेकोटी, गोधडी सगळं बाद.

पानसुपारी
पण शेवट पाहा. सगळ्या संशयितांना एका जागी बसवायचं आणि अथपासून इतिपर्यंत सांगून सोक्षमोक्ष लावायचा. ते कॅरिबियनमध्येही चुकत नाही. नाताळाची खरी सोय तीच : एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका टेबलाशी आणून बसवता येतात. सिमियन ली चारही मुलांच्या देखत वकिलाला फोन करून मृत्युपत्र बदलायचं बोलतो. बर्फ काढा, सातबारा ठेवा, ही आपली भाऊबंदकीच आहे. अशा ठिकाणी आपण ‘हत्या केली’ म्हणत नाही, ‘काटा काढला’ म्हणतो.

बोरूबहाद्दर
किंचित अवांतर. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी छापून आली तीच मुळी १८८७च्या ‘बीटन्स ख्रिसमस अॅन्युअल’मध्ये. आपल्याकडे ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि पुढे ‘धनंजय’सारखे अंक रहस्यकथांवरच उभे राहिले. सणाला गोडधोड खाऊन लोळत खुनाची गोष्ट वाचणं आपल्याला नवं नाही. फक्त त्याला नाव देण्याची गरज कधी पडली नाही. ‘दिवाळी अंकातली रहस्यकथा’ म्हटलं की कळायचं.

डिंकलाडू
सगळ्यांचे आभार. ‘बिनसुतकी’ मला सर्वांत आवडला, पण ग्राहक घेणार नाही. सणाच्या जाहिरातीत सुतक म्हटल्यावर फोन येईल. ‘काटा काढला’ प्वारोच्या ओळखीत वापरते. आणि रकान्याला : ‘नाताळ, नातलग आणि खून’. ऊब, कोझी, सौम्य काहीच नाही, पण ज्याला बघायचंय त्याला कळेल.

माडाखाली
झकास. फक्त सेंट मरीवर दरवेळी नातलगच असतात असं नाही हो.

डिंकलाडू
ती मालिका शेजारच्या ‘बेटावरचे खून’मध्ये ढकलली आहे.