४ जीबीच्या लॅपटॉपवर नेटवर्क सिम्युलेशनची सुरुवात कशी करावी?

प्रश्न
मी अमरावतीला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून सध्या दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी आहे. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली फायबरची एकच जोडणी शाळा आणि आरोग्य उपकेंद्रालाही वाटून दिली, तर कोणाच्या वाट्याला किती वेग येईल, हे मला प्रकल्पात सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल चालवून, दाखवायचे आहे. लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे आणि दुपारी भारनियमन असते. कोणते साधन घ्यावे?

पहिले उत्तर
ताई, जीएनएस-३ हे नक्कल चालवणारे साधन तूर्त नको. त्यात राउटरची खरी प्रणाली आभासी यंत्रावर चालते आणि रॅम लवकर संपते. राउटरची मांडणी शिकायला पॅकेट ट्रेसर हलके आहे, पण वेग मोजण्यासाठी ते योग्य नाही.

दुसरे उत्तर
तुमच्या प्रश्नाला एनएस-३ हेच साधन योग्य आहे, आणि त्याचे कारण तुमच्या लॅपटॉपशीच निगडित आहे. मिनिनेट हे दुसरे साधन प्रत्यक्ष वेळेत चालते, त्यामुळे यंत्र दमले की आकडेही बिघडतात. एनएस-३ मध्ये मात्र घड्याळ एका घटनेवरून (पाकीट, म्हणजे माहितीचा तुकडा, निघणे किंवा पोहोचणे) पुढच्या घटनेवर उडी घेते, म्हणून संथ लॅपटॉपवर उत्तर उशिरा येते, पण तेच येते. मूळ कोडपासून एनएस-३ ची बांधणी करताना एका वेळी एकच फाइल संकलित (कंपाइल) होऊ द्या. वीज गेली तरी तयार झालेल्या फाइली राहतात आणि काम तिथून पुढे सुरू होते.

एनएस-३ सोबत येणारे पहिले उदाहरण, म्हणजे 'फर्स्ट', नुसते चालवू नका, वहीत सोडवा. १०२४ बाइटचा मजकूर, त्यावर पाठवणीच्या नियमसंचांनी जोडलेले, म्हणजे यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि पीपीपीचे २, असे १०५४ बाइट म्हणजे ८४३२ बिट होतात. ५ एमबीपीएसच्या (सेकंदाला ५० लाख बिट) दुव्यावर ते चढवायला १.६८६४ मिलिसेकंद लागतात, वर दुव्याचा विलंब २ मिलिसेकंद. पाकीट २ सेकंदांनी निघते, म्हणून सर्व्हरला ते २.००३६९ सेकंदांना मिळाल्याचे पडद्यावर दिसले पाहिजे. ही बेरीज जुळल्याशिवाय नेटअ‍ॅनिमकडे वळू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याच्या चलचित्रात पाकिटाची वाट दिसते, पण वेग आणि विलंब फ्लोमॉनिटर या एनएस-३ मधील मोजणीच्या भागातून मोजावेत.

प्रश्नकर्ती
काल रात्री बांधणी पूर्ण झाली आणि २.००३६९ हाच आकडा आला. मग दुव्याचा वेग १ एमबीपीएस केला, वहीत १०.४३२ मिलिसेकंद आले आणि पडद्यावर २.०१०४३ सेकंद. आता शाळेचा तिसरा नोड (नेटवर्कमधील यंत्र) जोडत आहे.