मदत हवी आहे : जवळचं साधं लॉ कॉलेज घ्यावं की पुण्यासाठी बेटरमेंट टाकावं?

नमस्कार. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी सीईटी दिली होती, कॅपचा (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा) पहिला राउंड लागला. मला आमच्या भागातलं एक विनाअनुदानित कॉलेज मिळालंय. नाव मुद्दाम लिहीत नाही. कुठल्याही क्रमवारीत ते सापडत नाही. सीट फ्रीझ म्हणजे पक्की करायची, की बेटरमेंट टाकायचं म्हणजे पुढच्या राउंडला आणखी चांगलं कॉलेज मागायचं, हे शुक्रवारपर्यंत ठरवायचंय. माझ्या मार्कांना आयएलएस किंवा मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ मिळणार नाही, तो विचार मी सोडून दिलाय. दुसऱ्या राउंडला पुण्यातलं मधल्या फळीतलं एखादं कॉलेज लागू शकतं. ते लागलं की हातातली ही सीट जाते, म्हणून घोर लागलाय.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, वय २४. बी.ए. मराठी माध्यमातून केलं. दोन वर्षं विट्यात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात आहे. तारखांची डायरी मी लिहिते, दावे-कैफियती टाइप करते, ई-फायलिंग करते, पक्षकारांना आदल्या दिवशी फोन करून "उद्या तारीख आहे, साडेदहाला या" असं सांगते. निशाणी पाचचा, म्हणजे दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईचा, अर्ज कसा लिहायचा हे आता कुणाला विचारावं लागत नाही.

वकिलीच का, तर अण्णांचा वाटपाचा दावा २०१४ पासून चालू आहे. मनाईच्या अर्जावर हुकूम झाला तेव्हा मी अकरावीत होते. हुकूम इंग्रजीत होता. आमचे वकील बाहेरगावी गेलेले. अण्णा कागद घेऊन हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडे गेले. सरांनी शब्द सगळे वाचून दाखवले, पण आपल्या बाजूनं लागलं की विरुद्ध, हे त्यांनाही सांगता येईना. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता अडचण. बुधवारी कॉलेज बघून आले. अकरा वाजता वर्ग उघडे आणि बाकं रिकामी. ऑफिसातले कारकून चांगले बोलले, पण म्हणाले, "बाळ, इथं बहुतेक सगळे नोकरी करून शिकतात. तू परीक्षेला ये, बाकीचं होतं." बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आणि तीन वर्षांत किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे. कागदावर ते सगळं बसवतील, याबद्दल मला शंका नाही. पण मला शिकायचंय. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, आणि तिथल्या ग्रंथालयात नव्या कायद्याची एकच प्रत, तीही कुलपाच्या कपाटात. हे बघून परत येताना एसटीत रडू आलं, खरं सांगते.

मला पुढं जेएमएफसी, म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा द्यायची आहे. आधीचा हिशेब सोपा होता : पुण्याला जायचं, कॉलेजबरोबर क्लास लावायचा, डिग्री हातात पडली की एमपीएससीचा फॉर्म भरायचा. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, तेव्हापासून तो हिशेब मोडला. आता तीन वर्षं कोर्टात उभं राहायचंय. तेवढी वर्षं विनाकमाईची पुण्यात काढणं आमच्या घराला झेपणार नाही. म्हणजे पुण्यात शिकून परत इथंच यायचं असेल, तर पुणे कशाला, असं आई म्हणते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, हे तिचं दिवसातून चारदा.

आमचे साहेबही इथंच राहा म्हणतात. त्यांचं म्हणणं, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची कामं तिथं चालतात. अपील म्हटलं की मुंबईची गाडी धरायचे दिवस गेले, तालुक्याच्या वकिलाला आता हायकोर्ट सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं जवळ आहे. हे पटतं. पण हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, आणि माझं इंग्रजी अर्ज वाचण्यापुरतं आहे. पुण्यात ते सुधारेल, इथं कोण सुधारणार?

पैशाचं थोडक्यात : फी, कॉट बेसिस आणि मेस धरून पुण्याची तीन वर्षं साडेचार लाखांच्या आसपास जातात. इथं सव्वा लाख, आणि एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. पुण्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावं लागेल.

ज्यांनी अशा साध्या कॉलेजातून एलएल.बी. करून वकिली केली आहे, त्यांनी कृपया सांगा. तुम्हाला पुढं कशाची उणीव भासली? ती नंतर भरून निघाली का?

प्रतिसाद १

ताई, मी कोल्हापुरात वकिली करतो, अठरा वर्षं झाली. माझंही कॉलेज असंच, तास बुडालेलं. न्यायाधीशांसमोर उभं राहिल्यावर कॉलेज कुठलं हे आजवर कुणी विचारलं नाही, पक्षकारानं तर नाहीच. मोठ्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि चार-दोन नावाजलेल्या कॉलेजांत जातात. तुम्हाला लागू शकणारं पुण्यातलं कॉलेज आणि हातातलं कॉलेज, दोन्ही त्या वाटेवर नाहीत. म्हणून साडेचार लाख कॉलेजच्या नावाला द्यायचे नाहीत. द्यायचेच तर पुण्यात राहायला मिळतं त्यासाठी, एवढं मनाशी स्पष्ट असू द्या.

उणीव विचारलीत. मला दिवाणी प्रक्रिया संहिता कुणी शिकवलीच नाही. त्यातली मनाईच्या हुकुमाची ऑर्डर ३९ मी सीनियरच्या शिव्या खाऊन शिकलो, त्यात चार वर्षं गेली. तुम्ही निशाणी पाचचा अर्ज आत्ताच लिहिता, म्हणजे त्यातली निम्मी वाट तुमची झालीय.

तीन वर्षांच्या अटीबद्दल एक : वकिलीचा काळ तात्पुरती सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्याच्या दिवसापासून धरला जातो, एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) पास होण्याची वाट बघावी लागत नाही. मात्र दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांची मान्यता. ओळखीचा, खरोखर काम देणारा सीनियर असणं म्हणूनच मोलाचं आहे. सनदेची फीही सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानं ७५० रुपयांवर आलीय, पूर्वी ती हजारांत होती.

प्रतिसाद २

मी वेगळं सांगते. मीही तालुक्याच्या ऑफिसात होते, तिथं राहूनच शिकले. ऑफिसात टाइपिंग करणाऱ्या मुलीला सनद मिळाली तरी ती टाइपिंगच करत राहते. डायरी तिच्याकडेच, फोन तिच्याकडेच, आणि उलटतपासाला मागून आलेला मुलगा उभा राहतो. माझी पाच वर्षं त्यात गेली. सीनियर वाईट नव्हते, त्यांना माझी सवय झाली होती. शेवटी मी ऑफिस बदललं तेव्हा पहिला साक्षीदार तपासला.

शिवाय घरी राहिलीस की दुसऱ्या वर्षाला स्थळं सुरू होतील. पुण्याला असलीस तर निदान "शिक्षण पुरं होऊ द्या" म्हणता येतं. हे फीच्या हिशेबात कुणी धरत नाही, तू धर. इथंच राहणार असशील तर साहेबांना आजच विचार, सनद मिळाल्यावर मला काय काम देणार. उत्तर काय येतं ते नीट ऐक.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. दुसरा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही, कारण डायरी आणि फोन हे शब्द मीच वर लिहिले होते.

आज साहेबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जूनपासून टाइपिंगला दुसरं कुणीतरी बघतो. तू सकाळी कोर्टात माझ्यामागं उभी राहा आणि रोजनाम्यात काय लिहिलं जातं ते बघ. सनद मिळाली की किरकोळ मनाईचे अर्ज तू चालवायचे." मी म्हटलं, जून कशाला, पुढच्या महिन्यापासून बघा. ते हो म्हणाले. अण्णांना सांगितलं तर ते फक्त "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

सीट फ्रीझ करायची असं ठरत आलंय. उद्या सकाळी पुन्हा कॉलेजात जाते. प्राचार्यांना भेटून विचारणार आहे की सकाळचे तास लावले तर किती विद्यार्थी यायला हवेत. पहिल्या यादीतल्या चार मुलींचे नंबर मिळालेत, दोघी यायला तयार आहेत.

इंग्रजीचं अजून सुटलेलं नाही. कोल्हापूरच्या वकीलसाहेबांनी किंवा आणखी कुणी सांगावं : हायकोर्टाचे निकाल वाचायची सवय लावायची तर सुरुवात कशापासून करू? माझ्याकडे अण्णांच्या दाव्यातला तो हुकूम आहे. तो पुरता समजेपर्यंत रोज वाचावा म्हणते, पण त्यापुढं काय घेऊ?