इंग्रजी वाक्यात ‘-इंग’चा तुकडा पुढे ठेवायचा की मागे?

मृदगंध
नमस्कार. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतेय, प्रबंध इंग्रजीत आहे. सरांनी काही वाक्यांना लाल गोल करून बाजूला नुसतं ‘डँगलिंग’ लिहिलंय. त्यातली ही तीन:

‘वॉकिंग ॲलाँग द बंड, द क्रॅक्स वेअर क्लिअरली व्हिजिबल.’
‘आफ्टर ड्राइंग इन द शेड, वी सीव्ह्ड द सॅम्पल्स.’
‘वी कलेक्टेड सॉइल फ्रॉम अ फार्मर यूजिंग अन ऑगर.’ (ऑगर म्हणजे माती काढायचं गिरमिट.)

बांधावरून चालताना भेगा स्पष्ट दिसत होत्या, यात चुकलं काय? असा तुकडा कुठे ठेवायचा याचा काही ठाम नियम आहे का?

लालशाई
शोधनिबंधांचं इंग्रजी तपासणं हेच माझं काम. मराठी माणसाच्या लेखनात ही गोष्ट मला सतत दिसते, आणि त्याचं कारण आपल्या ‘-ताना’त आहे. ‘मी घरी येताना पाऊस आला’ हे आपल्याकडे शुद्ध वाक्य. येणारी मी, आला पाऊस, कुणाचं काही बिघडत नाही. इंग्रजीतल्या ‘वॉकिंग’ला मात्र स्वतःचा कर्ता नसतो. तो तुकडा वाक्याच्या सुरुवातीला आला की स्वल्पविरामानंतरचा कर्ता त्याला चिकटतो. तुमच्या पहिल्या वाक्यात त्यामुळे भेगाच बांधावरून चालू लागल्या. खरा कर्ता न मिळालेला असा तुकडा म्हणजेच सरांचं ‘डँगलिंग’, लोंबकळणारा.

माझी कसोटी अशी: तोच तुकडा ‘-ऊन’ लावून म्हणून बघा. ‘बांधावरून चालून भेगा दिसल्या’ हे कानाला लगेच खटकतं, कारण ‘-ऊन’ला सहसा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. ‘-ऊन’ बसलं तर इंग्रजी तुकडा खुशाल पुढे ठेवा. नाही बसलं तर कर्ता घालून पूर्ण उपवाक्य करा: ‘ॲज वी वॉक्ड ॲलाँग द बंड, द क्रॅक्स वेअर क्लिअरली व्हिजिबल.’ बाकी वाक्याला हात लावायची गरज नाही.

दुसरं वाक्य मला फार आवडलं. ‘वाळून’ आणि ‘वाळवून’ यांत आपण फरक करतो, इंग्रजीत दोन्हीला ‘ड्राइंग’च. कर्म दिलं नाही की अर्थ ‘वाळून’कडे झुकतो, आणि सावलीत तुम्हीच वाळत बसल्यासारखं होतं. कर्म आधी आणा: ‘आफ्टर ड्राइंग द सॅम्पल्स इन द शेड, वी सीव्ह्ड देम.’ झालं ‘वाळवून’.

तिसऱ्यात तुकडा शेवटी आहे. तिथे स्वल्पविराम नसेल तर वाचणारा तो लगतच्या नामाला जोडतो, म्हणजे ऑगर शेतकऱ्याच्या हातात गेला. ‘वी यूज्ड अन ऑगर टु कलेक्ट सॉइल फ्रॉम अ फार्मर्स फील्ड’ असं लिहा.

आणखी एक. ‘विहिरीजवळ उभा असलेला माणूस’ यात आपलं सगळं विशेषण नामाच्या आधी येतं. इंग्रजीत एकटा शब्द आधी, लांब तुकडा नंतर: ‘ड्राइड सॅम्पल्स’, पण ‘सॅम्पल्स ड्राइड इन द शेड’.

पानगळ
कसोटी छान आहे, पण ‘पाऊस पडून रस्ते खचले’ याचं काय? इथे ‘-ऊन’ आहे आणि कर्ते दोन. शिवाय हॅम्लेटच्या बापाचं भूत म्हणतं, ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.’ झोपलेला राजा, पण या नियमाने झोपला साप! शेक्सपिअरला चालतं तर प्रबंधात का नको?

लालशाई
पानगळ, मुद्दा रास्त आहे. पडणं, होणं, फुटणं अशा आपोआप घडणाऱ्या क्रियांना ‘-ऊन’ दुसरा कर्ता चालवून घेतं. पण नीट बघा, तिथे ‘पाऊस’ हा कर्ता स्पष्ट लिहिलेला असतो. तशी सोय इंग्रजीतही आहे: ‘द रेन हॅविंग स्टॉप्ड, वी रिझ्यूम्ड सॅम्पलिंग.’ तुकड्यात स्वतःचा कर्ता असला की तो लोंबकळत नाही. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘जजिंग फ्रॉम’ हेही सुटे चालतात, कारण ते आता शब्दयोगी अव्ययांसारखे वापरले जातात.

भुताच्या तोंडी संदर्भ इतका उघड आहे की प्रेक्षक अडखळत नाही. पद्धतीच्या प्रकरणात तसं नसतं. नमुना कुणी घेतला, कशाने घेतला, हे वाचणाऱ्याला फक्त वाक्यरचनेवरूनच कळतं. दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग पुन्हा करायचा असेल तर तिथे संदिग्धता परवडत नाही.

मृदगंध
खूप आभार, ताई. ‘वाळून-वाळवून’ लावून प्रकरण पुन्हा वाचायला घेतलंय. एक शेवटचं: सर कर्मणी प्रयोगाचा आग्रह धरतात. मग ‘यूजिंग अन ऑगर, सॅम्पल्स वेअर कलेक्टेड’ चालेल?

लालशाई
छापील निबंधांत हे भरपूर सापडेल, आणि पुष्कळ संपादक सोडूनही देतात. मी सोडत नाही. कर्मणीत करणारा गायब असतो, मग ‘यूजिंग’ सॅम्पल्सच्याच गळ्यात पडतं. ‘सॅम्पल्स वेअर कलेक्टेड विथ अन ऑगर’ लिहा. कर्मणी तसाच राहील आणि सरांना गोल करायला जागा उरणार नाही.