काकांच्या पश्चात मेणबत्तीचा कारखाना: साचे ठेवावेत की मोडावेत, आणि हिस्सा कोणाकोणाचा?

प्रश्न: वसईचा मेणवाला

नमस्कार. वसईत आमचा मेणबत्तीचा लहानसा कारखाना आहे. आजोबांनी तो घरामागच्या पडवीत सुरू केला, वडील आणि काका या दोघांनी भागीदारीत वाढवला, आणि गेल्या वर्षी काका वारल्यापासून वडील, मी आणि काकांचा मुलगा असे तिघे मिळून तो चालवत आहोत. वर्षभर पांढऱ्या मेणबत्त्यांची पाकिटे, आणि पावसाळ्याच्या मध्यापासून वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेसाठी नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरे, असा आमच्या कामाचा पूर्वापार क्रम आहे. नवस बोलणाऱ्यांच्या मागण्या बदलतात तसे नगही बदलतात. आजोबांच्या साच्यांत विमान नव्हते, ते वडिलांनी करून घेतले.

भारनियमनाच्या वर्षांत पाकिटांना इतकी मागणी होती की जत्रेचे काम आम्हाला आडवे येत असे. आता घरोघरी इन्व्हर्टर आणि खिशात मोबाइलचा दिवा असल्यामुळे पाकिटांचा खप फार खाली आला आहे. 2020 मध्ये साथीमुळे जत्राच भरली नाही, तेव्हा हंगामही बुडाला. चुलतभावाचे म्हणणे असे की जुने साचे भंगारात काढावेत आणि काचेच्या भांड्यातल्या सोया मेणाच्या सुगंधी मेणबत्त्या करून ऑनलाइन विकाव्यात. वडील साच्यांना हात लावू देत नाहीत. मात्र मेण कधी ओतायचे, हे त्यांच्याखेरीज कोणालाच नीट ठाऊक नाही. विचारले तर 'काठाशी साय धरू लागली की ओतायचे' एवढेच सांगतात.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. काकांची मुलगी लग्नानंतर कॅनडात असते. जे राबतात त्यांचाच धंदा, असे वडिलांचे मत आहे. काकांनी मृत्युपत्र केलेले नाही. तिचा हिस्सा निघतो का?

उत्तर: हिशेबनीस

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते लांबवणे आपल्याला महाग पडेल. भागीदार दोघेच होते आणि त्यांतला एक वारला, तर भागीदारी त्याच दिवशी संपते. करारात काहीही लिहिलेले असले तरी एकट्या माणसाची भागीदारी होऊ शकत नाही. म्हणजे गेले वर्षभर जुन्या फर्मच्या नावाने जो व्यवहार चालू आहे, तो कागदोपत्री अधांतरी आहे. नवा करारनामा, त्यानुसार नवे पॅन, बँक खाते आणि जीएसटी नोंदणी हे सारे ओघाने आलेच.

आपले कुटुंब ख्रिस्ती असावे असे धरून लिहितो. तसे असल्यास हिंदू अविभक्त कुटुंबाचा मार्ग (धंदा साऱ्या कुटुंबाचा सामाईक धरण्याचा), जो अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवतो, आपल्याला लागूच होत नाही. आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर काकूंना एक तृतीयांश, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही आणि लग्न किंवा परदेशातले वास्तव्य यांनी काही फरक पडत नाही. (गोव्याचा नागरी कायदा वेगळा आहे, तिथे असता, तर हिशेब निराळा झाला असता.) वारसांना मिळते ती काकांच्या हिश्श्याची रक्कम, भागीदाराची जागा नव्हे, त्यामुळे राबणाऱ्यांचा धंदा हे वडिलांचे म्हणणे त्या मर्यादेत खरेच आहे. परंतु हिशेब चुकता न करता काकांचा पैसा धंद्यात वापरत राहिलात, तर 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 37 नुसार वारस त्या पैशावर वर्षाला सहा टक्के व्याज किंवा त्या पैशामुळे झालेल्या नफ्याचा वाटा, यांपैकी जे हवे ते मागू शकतात. काका गेले त्या तारखेचा ताळेबंद आजच करून घ्या.

उत्तर: साचेवाला

मी साचे घडवणारा आहे, तेव्हा माझ्या मताला थोडा स्वार्थाचा वास येईल. तरीही सांगतो, साचे मोडू नका. मेणबत्तीचे उत्पादन 2015 पर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते, ते संरक्षण आता नाही. पांढऱ्या पाकिटात मोठ्या यंत्राशी आपण भावात कधीच टिकणार नाही. पोकळ हात किंवा बाहुली मात्र दोन भागांच्या साच्यात मेण ओतून, भिंत धरेपर्यंत थांबून, उरलेले मेण परत उलटून काढावी लागते, आणि ते थांबणे किती, हे हाताला कळावे लागते. हे कसब विकत मिळत नाही.

आता सोया मेणाविषयी. ते साधारण 50 अंशांच्या आसपास वितळते आणि मऊ असते. थंड होताना पॅराफिन, म्हणजे आपले नेहमीचे पांढरे मेण, आकसते म्हणून साच्यातून सुटते. सोया तितके आकसत नाही, म्हणून ते भांड्यातच शोभते. आपल्या साच्यांत ते ओतण्याचा प्रयोग चुलतभावाने करू नये. भांड्यातल्या मेणबत्तीचा सारा जीव वातीत असतो: वात बारीक असेल तर वितळलेल्या मेणात बुडून विझते, जाड असेल तर काजळी धरते, आणि भांड्याची रुंदी बदलली की पुन्हा नव्याने जाळून पाहावे लागते. सुगंध घातलेले मेण वितळवायची भांडी वेगळी ठेवा, नाहीतर मोतमाऊलीच्या बाहुलीला लव्हेंडरचा वास येईल.

वडिलांची 'साय' मोजून घ्या. साध्या तापमापकाने होते. पॅराफिन कोणत्या प्रतीचे, मेण कडक करायला घालतात ते स्टिअरिक आम्ल किती टक्के, ओतताना किती अंश आणि त्या दिवशी हवा कशी होती, एवढे वहीत लिहा.

उत्तर: माहीमची माहेरवाशीण

माझ्या माहेरी माहीमच्या चर्चबाहेर बुधवारच्या नोव्हेनाला (सलग नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला) मेणबत्त्या विकण्याचा धंदा होता. लग्न होईपर्यंत त्याचा जमाखर्च मीच लिहीत असे, आणि नंतर भावांनी वाटणी केली तेव्हा मला कळवलेही नाही. मी पैसे मागितले नसते. आपल्या बहिणीला फोन करा, आणि तो वकिलाच्या पत्राआधी करा.

पुन्हा: वसईचा मेणवाला

सर्वांचे आभार. काल वडिलांच्या शेजारी तापमापक घेऊन उभा राहिलो. आमचे मेण 58 ते 60 अंशांना वितळणारे आहे, आणि तीन वेळा त्यांनी ओतले तेव्हा आकडा 65 आणि 67 यांच्या मध्येच होता. ते स्वतःच चकित झाले, मग म्हणाले, पावसात थोडे गरम ओतावे लागते, तेही लिही. बहिणीशी बोललो. तिला रोख रक्कम नको आहे. भागीदार म्हणून नाव असावे असे तिला वाटते, आणि काकूंना दरमहा काही ठरावीक मिळावे. आता ताळेबंदात अडचण अशी की साच्यांची किंमत वहीत जवळजवळ शून्य दिसते. ती तशीच धरावी का?

उत्तर: हिशेबनीस

धरू नये. वर्षानुवर्षे घसारा काढल्यामुळे ती शून्य झाली आहे. चुलतभावाने भंगाराचा भाव काढलाच असेल, आणि साचेवाल्यांकडून तेच साचे आज नव्याने करण्याचा खर्च विचारून घ्या. या दोन आकड्यांच्या मध्ये काकू आणि दोन्ही भावंडांना मान्य होईल असा आकडा लेखी ठरवा. बहीण अनिवासी भारतीय असेल किंवा तिने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर तिला भागीदार करण्याआधी परकीय चलनाचे नियम जाणणाऱ्याचा सल्ला घ्या.