मेडिव्हल डायनॅस्टी: गावात माणसे किती आणि केव्हा वसवावीत?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार मंडळी. 'मेडिव्हल डायनॅस्टी' हा संगणकावरचा खेळ आपल्यापैकी बरेच जण खेळतात हे ठाऊक असल्यामुळे एक नेमका प्रश्न विचारतो आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख: रेंडर क्यूब या पोलिश चमूने तयार केलेला हा खेळ सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. युद्धातून जीव वाचवून निघालेला रॅसिमिर नावाचा तरुण काकांच्या आसऱ्याला एका खोऱ्यात पोचतो, तेव्हा काका वारलेले असतात. गोस्टोव्हिया या गावाचा प्रमुख उनिगोस्ट त्याला वस्ती करण्याची परवानगी देतो आणि तिथून पुढे फांद्या, दगड आणि स्वतः घडवलेली कुऱ्हाड एवढ्या भांडवलावर आधी झोपडी, मग वस्ती आणि शेवटी गाव उभे करायचे असते. लढाईला यात दुय्यम जागा आहे. खरी झुंज भूक, थंडी आणि सरपण यांच्याशी असते, आणि म्हणूनच मला हा खेळ मनापासून आवडतो.

माझी वस्ती सध्या उन्हाळ्याच्या अखेरीला आली आहे. माझे स्वतःचे घर आहे, दोन रिकामी घरे बांधून तयार आहेत, लाकूडघर आणि धान्याचे कोठार उभे आहे, आणि खोऱ्यातल्या इतर गावांतून माणसे बोलावता येतील इतकी प्रतिष्ठाही जमली आहे. प्रश्न असा की या दोन घरांत चार माणसे आत्ताच आणून बसवावीत, की हिवाळा एकट्याने काढून वसंतात त्यांना बोलवावे? आणली तर कोणाला कोणत्या कामाला लावावे, आणि पहिले शेत केवढे आखावे? आणखी एक गोष्ट विचारायची आहे. खेळात एक ऋतू मुळात ३ दिवसांचा असतो. तो ७ दिवसांचा करावा असे मनात आहे, कारण ३ दिवसांत खोरे डोळे भरून पाहताही येत नाही. त्याने या सगळ्या हिशेबात फरक पडेल का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

ऋतू ३ दिवसांचा असेल तर वर्ष १२ दिवसांचे होते आणि ७ दिवसांचा केला तर २८ दिवसांचे. माणसे जेवतात दिवसाच्या हिशेबाने, चूल पेटते तीही दिवसाच्या हिशेबाने, पण शेत पिकते ते ऋतूच्या हिशेबाने. म्हणजे कोबीचा जो वाफा ३ दिवसांच्या ऋतूत एकदा निघतो, तोच ७ दिवसांच्या ऋतूतही एकदाच निघतो, आणि खाणारी तोंडे मात्र मधल्या काळात दुपटीहून अधिक खाऊन बसलेली असतात. याउलट लाकूडघर, शिकारघर आणि मासेमारीची झोपडी इथली माणसे रोज काही ना काही आणतात, त्यामुळे ऋतू कितीही लांबवला तरी त्यांचा मेळ बिघडत नाही. तेव्हा ऋतू खुशाल लांबवा, मीही लांबच ठेवतो, पण मग शेतावर विसंबून माणसे बोलावू नका. पहिले वर्ष-दोन वर्षे शिकार आणि मासे यांवर काढायची आणि शेत सावकाश वाढवायचे, असा क्रम धरावा लागेल.

आता माणसांविषयी. व्यवस्थापनाच्या पडद्यावर गावाची अन्नाची आणि लाकडाची गरज एका बाजूला आणि त्याची आवक दुसऱ्या बाजूला दिसते. बहुतेक जण हा पडदा माणूस आल्यावर उघडतात. माझे म्हणणे असे की तो माणूस आणण्याआधी उघडावा. नवा माणूस पाऊल ठेवल्यापासून खायला लागतो, पण त्याच्या हातून काम सुरू व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कामाची इमारत, त्या कामाचे कौशल्य आणि साठ्यात ठेवलेले अवजार. यातली तिसरी गोष्ट हमखास नजरेतून सुटते. लाकूडघरात माणूस नेमलेला आहे, त्याचे कौशल्यही चांगले आहे, पण साठ्यातली कुऱ्हाड झिजून संपली आहे, असे झाले की तो दिवसभर नुसता उभा राहतो आणि रात्री जेवायला मात्र येतो. म्हणून प्रत्येक हातामागे एक अवजार वापरात आणि एक राखीव हा दंडक पाळावा. दगडी अवजारे करायला वेळ फार लागत नाही, त्यामुळे हे काम अवघड नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीला तुमच्या जागी मी असतो तर चारऐवजी दोनच माणसे आणली असती. पहिला लाकूडघरात, कारण सरपण दोन्ही घरांना आणि बाराही महिने लागते. दुसरा शिकारघरात, कारण तिथून मांसाबरोबर कातडीही मिळते आणि हिवाळ्यात तुम्हाला स्वतःला उबदार कपडे लागणारच आहेत. माणूस निवडताना त्याची सहाही कौशल्ये पाहा. खोदकाम-तोडकामाचे कौशल्य असलेला लाकडाला, शिकारीचे असलेला शिकारीला. ज्याचा शेतीत हात चांगला आहे तो दिसला तर त्याच्याशी ओळख वाढवून ठेवा आणि वसंतात आणा. हिवाळ्यात अन्न किंवा सरपण अपुरे पडले तर माणसांचे मन उतरत जाते आणि एका मर्यादेनंतर ती गाव सोडून निघून जातात. एक माणूस मिळवायला जेवढा वेळ घालवावा लागतो तो पाहता हे नुकसान फार महागात पडते.

पांझरा (साक्री)

गिरणाथडी यांनी हातांचा हिशेब नेमका मांडला आहे, तेव्हा मी शेताच्या आकारापुरतेच लिहितो.

या खेळात जमीन फुकट आहे आणि तिथेच माणूस फसतो. मोकळे माळरान समोर दिसते, आखणीची चौकट हवी तेवढी ताणता येते, आणि आपण उत्साहाने ८ गुणिले ८ ची चौकट आखून मोकळे होतो. आता तिचा खर्च पाहा. चौकटीतले चौकोन ६४. प्रत्येक चौकोनात आधी खत घालायचे, मग तो कुदळीने उकरायचा, मग बी टाकायचे. म्हणजे ६४ खते, कुदळीच्या कामाचे ६४ चौकोन आणि ६४ बिया, तेही एका पेरणीला. पीक काढले की पुढच्या पेरणीसाठी खत पुन्हा लागते. ४ गुणिले ४ च्या शेताला हेच सगळे १६ मध्ये भागते. कुदळ चालवताना अंगातली दमछाक पट्टीवर दिसत असते, एकेक चौकोन काळा होत जातो, आणि वसंताचे दिवस हातातून निसटत असतात. ६४ चौकोन एकट्याने करताना अर्धे शेत तसेच राहिले तर त्या अर्ध्या भागाची चौकट आखण्याला काही अर्थच उरत नाही.

आमच्या साक्री भागात पांझरेवर फड बागायतीची जुनी पद्धत आहे, ती मला या खेळात नेहमी आठवते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी पिके फडाफडांतून फिरवायची. महत्त्वाची गोष्ट अशी की कोणते फड भिजवायचे हे त्या वर्षीचे नदीचे पाणी पाहून ठरत असे. पाणी कमी असेल तर फड कमी, आणि शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे टंचाई एकट्या-दुकट्यावर न पडता सगळ्यांत वाटली जाई. पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी असत, राखणीला जागले असत. मोसम, आरम, गिरणा यांच्या खोऱ्यांतही हीच व्यवस्था होती. खेळात पाण्याची टंचाई नाही, तिथे टंचाई हातांची आणि खताची आहे. म्हणून आधी खते मोजावीत, मग कुदळ धरणारे हात मोजावेत, आणि त्यावरून त्या वर्षीचे फड ठरवावेत. मी एक मोठे शेत न आखता ४ गुणिले ४ ची शेते शेजारी-शेजारी आखतो आणि प्रत्येकात एकच पीक घेतो. एखाद्या वर्षी खत कमी पडले तर एक शेत सरळ पडीक ठेवता येते, बाकीची पूर्ण होतात.

पिकांत पहिल्यांदा कोबी, गाजर, कांदा अशी थेट खाता येणारी घ्या. गहू आणि राय (गव्हासारखेच एक धान्य) यांना कोठीत, म्हणजे साठ्याच्या कोठाराहून वेगळ्या इमारतीत, मळणी लागते, पुढे पीठ करावे लागते, म्हणजे आणखी इमारती आणि आणखी हात आले. राय शरदातच पेरावी लागते हेही ध्यानात असू द्या. खतासाठी नासलेले अन्न टाकून देऊ नका, त्याचे खत होते. पुढे डुकरे पाळलीत की खताची ददात राहत नाही. छपरासाठी मात्र मळणीच्या पेंढ्याची वाट पाहायला नको, नदीकाठच्या बोरूपासून तो मिळतो.

पूर्णाकाठ (मुक्ताईनगर)

वरची दोन्ही उत्तरे मला पटली, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहिते. हातांचा आणि पोटांचा हिशेब केवळ येत्या हिवाळ्यापुरता केला तर वंशाचा हिशेब चुकतो, आणि या खेळाच्या नावातच घराणे आहे.

रॅसिमिर म्हातारा होतो आणि एक दिवस मरतो. त्यानंतर खेळ पुढे चालतो तो त्याच्या वारसाच्या हातून. मूल कामाला लागते ते १८ व्या वर्षी. ३ दिवसांच्या ऋतूत १८ वर्षे म्हणजे २१६ दिवस, आणि तापीकाठ दादांनी ठरवल्याप्रमाणे ऋतू ७ दिवसांचा केला तर तेच ५०४ दिवस होतात. गावातल्या जोडप्यांनाही हेच लागू आहे: एका घरात स्त्री आणि पुरुष राहायला दिले की त्यांचे जोडपे होते, मुले होतात, आणि तीच मुले पुढे बाहेरून माणसे मनवत फिरण्याचा आपला त्रास वाचवतात. सगळी माणसे एकाच वयाची आणून ठेवली तर ती एकदमच म्हातारी होतात, आणि कामाच्या जागा एकदम रिकाम्या पडतात. तेव्हा दोनच माणसे आणायची असतील तर दोन एकटे पुरुष आणून दोन वेगळ्या घरांत ठेवू नका. एक जोडपे होईल अशी स्त्री आणि पुरुष आणा, एका घरात ठेवा, आणि दुसरे घर रिकामे राहू द्या. काम दोघांनाही तेच द्या, लाकूड आणि शिकार. खेळात स्त्री-पुरुषांच्या कामात भेद नाही, कौशल्य तेवढे पाहायचे. पुढच्या वेळी माणसे आणताना वयात थोडे अंतर राहील असे पाहा.

स्वतः रॅसिमिरचे लग्नही लांबणीवर टाकू नये. लोक आधी गाव सजवतात आणि मग लग्नाचे बघतात, पण लांब ऋतूंच्या खेळात ही गोष्ट सर्वांत आधी उरकावी असे मला वाटते.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांची उत्तरे सविस्तर आणि उपयोगी आहेत. पूर्णाकाठ ताईंच्या म्हणण्याप्रमाणे एक जोडपे आत्ता आणतो आणि दुसरे घर वसंतासाठी राखतो. ऋतू ७ दिवसांचाच करणार आहे, त्यामुळे पहिली दोन वर्षे मांस आणि मासे यांवर भर राहील.

दोन शंका उरल्या आहेत. शेतावर नेमलेल्या माणसाला हिवाळ्यात काम नसते, मग त्याचे काय करावे? आणि उनिगोस्टकडे भरायचा कर गाव वाढले की वाढतो, तर रिकामी इमारत उभी ठेवणे तोट्याचे होते का?

गिरणाथडी (चाळीसगाव)

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. माणसाची नेमणूक केव्हाही बदलता येते, तेव्हा शरदातली पेरणी संपली की शेतावरचा माणूस लाकूडघरात किंवा, धान्य घेत असाल तर, कोठीत मळणीला लावा आणि वसंताच्या पहिल्या सकाळी परत शेतावर आणा. वसंताचा पहिला दिवस विसरलात तर खत घालण्यातच वेळ जातो, म्हणून मी ही बदली हिवाळ्याच्या शेवटच्या रात्रीच करून ठेवतो. लाकूडघरात कामाची टक्केवारी लावण्याची सोय आहे. हिवाळ्यापुरते सगळे बळ सरपणाकडे वळवा आणि फळ्यांचे काम थांबवा. घरांच्या भिंतींना थंडी अडवणारा थर देता येतो, त्याने सरपण कमी लागते, आणि दोन घरांपुरते ते काम हिवाळ्याआधी सहज होते.

पांझरा (साक्री)

करासंबंधी लिहितो. कर इमारतींवर आणि शेतांवर दोन्हींवर बसतो, त्यामुळे रिकामे घर आणि पडीक शेत यांचाही भार पडतो. पण दुसरे घर वसंतात भरायचेच आहे, तेव्हा ते पाडू नका; एका घराचा कर परवडतो. शेते मात्र गरजेपुरतीच आखा. ४ गुणिले ४ ची दोन शेते पहिल्या वर्षी पुरे होतील, एक कोबीचे आणि एक गाजराचे. कराचे पैसे सुरुवातीला दगडी सुऱ्या करून शेजारच्या गावांत विकल्या तरी निघतात. थकबाकी फार काळ ठेवली तर प्रतिष्ठा घटते आणि नवी माणसे यायला तयार होत नाहीत, म्हणून वर्ष पालटण्याआधी तेवढी नाणी बाजूला काढून ठेवा.