वाफेच्या इंजिनाचे जुने छायाचित्र : ही खरोखरच दख्खनची राणी आहे का?

प्रश्न – जुनाअल्बम

आजोबांच्या पेटीत पोस्टकार्डाएवढे एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. त्याच्या मागे शाईच्या पेनाने ‘दख्खनची राणी, खंडाळा, १९४८’ असे लिहिले आहे. पुढे वाफेचे इंजिन आहे, त्याचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते असून त्यावर चांदणीसारखी सजावट दिसते. मागे गडद रंगाचे नऊ डबे मोजता येतात, त्यापुढचे धुरात हरवले आहेत, आणि पार्श्वभूमीला डोंगराची रांग आहे. अक्षर आजोबांचे नाही, बहुधा ते आजीने किंवा धाकट्या काकांनी नंतर कधीतरी लिहिले असावे. घरात आजवर सर्वांनी हे नाव खरेच मानले आहे. पुढच्या महिन्यात अल्बमची डिजिटल प्रत नातेवाइकांना पाठवायची असल्यामुळे, खाली काय लिहावे याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद – घाटमार्ग

छायाचित्र सुंदर आहे, मात्र मागचा मजकूर छायाचित्राशी जुळत नाही. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली, आणि त्याआधीच, म्हणजे १९२९ मध्ये, कल्याण ते पुणे हा मार्ग विजेवर आलेला होता. त्यामुळे ही गाडी पहिल्या दिवसापासून विजेच्या इंजिनाची गाडी म्हणूनच ओळखली गेली. खंडाळ्याच्या घाटात वाफेचे इंजिन तिला ओढत आहे असे चित्र समोर आले, तर आधी स्थळ किंवा गाडीचे नाव चुकले आहे असेच धरून चालावे.

साल इंजिनाच्या नाकावरून तपासता येते. गोळीसारखे नाक ही ब्रॉडगेजवरच्या, म्हणजे रुंद रुळांवरच्या, डब्ल्यूपी वर्गाची ओळख आहे. या वर्गाची पहिली सोळा इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून १९४७ मध्ये आली. पुढे कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी चित्तरंजन येथे मिळून एकूण ७५५ इंजिने बांधली गेली. १९४८ साली अशी इंजिने मोजकीच होती, म्हणून ते साल अशक्य नसले तरी संशयास्पद आहे. त्याआधीच्या मेल गाड्यांच्या इंजिनांचे तोंड सपाट, गोल झाकणाचे असे.

चाके मोजता आली तर कृपया कळवा. डब्ल्यूपीची रचना ४-६-२ असते, म्हणजे एका बाजूने पाहिल्यास पुढे दोन लहान चाके, मध्ये दांड्याने जोडलेली तीन मोठी चाके आणि मागे, ड्रायव्हरच्या कोठडीखाली, एक लहान चाक.

प्रतिसाद – रूळवेडा

वर्गाच्या ओळखीबद्दल मी सहमत आहे. एका शंकेचे निरसन आधीच करून टाकतो, कारण कोणी ना कोणी ती काढणारच: हे पुणे–मिरज मार्गावरचे इंजिन असू शकत नाही. तो मार्ग त्या काळी मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, होता आणि तिथे दिसणाऱ्या वायपी इंजिनाचे तोंड सपाट असे. वायपी आणि डब्ल्यूपी या दोन्हींची चाके ४-६-२ असल्यामुळे केवळ चाके मोजून ओळख पटवणाऱ्यांची फसगत होते, म्हणून नाक आणि रुळांची रुंदी ही दोन्ही लक्षणे एकत्र पाहावीत.

डब्यांवरून मात्र निर्णय करू नये. दख्खनच्या राणीच्या सुरुवातीच्या दोन संचांपैकी एक रुपेरी व लाल रेषांचा, तर दुसरा गडद निळा व सोनेरी रेषांचा होता, अशी नोंद आहे. कृष्णधवल छायाचित्रात निळा डबा गडदच दिसणार, आणि तसाच इतर कोणत्याही गाडीचा तपकिरी किंवा लाल डबाही गडदच दिसणार. ‘डबे गडद आहेत’ हे वाक्य म्हणून ना बाजूने ना विरोधात.

डब्ल्यूपीचे नाक केवळ शोभेचे असल्याचे काही जण म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. पण या वर्गामागची पार्श्वभूमी गंभीर होती. १९३७ मध्ये पाटण्याजवळ बिहटा येथे एक्सबी या आधीच्या वर्गाचे इंजिन असलेली गाडी घसरली आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या इंजिनांच्या स्थिरतेची रीतसर तपासणी झाली, आणि नंतरच्या आरेखनात वेगात स्थिर राहणारे इंजिन ही मुख्य अपेक्षा होती. छायाचित्रे ओळखताना ही माहिती थेट कामाची नाही, पण एक्सबीनंतर डब्ल्यूपीसारखे नवे आरेखन का हवे होते, हे तिच्यामुळे समजते.

जुनाअल्बम

दोघांचेही आभार. चाके मोजली: पुढे दोन, मध्ये तीन आणि मागे एक. भिंगाने पाहिल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर, पांढऱ्या रंगात ‘म’ असे देवनागरी अक्षर आहे, पुढचे अक्षर वाफेने झाकले आहे. डाव्या कडेला एक जाळीदार खांब असून त्याला आडवा हात आहे. हा विजेचा खांब असेल, तर पुन्हा घाटच सिद्ध होत नाही का? घरच्यांचा आग्रह तोच आहे.

प्रतिसाद – घाटमार्ग

उलट, हा खांबच सगळा उलगडा करतो. मुंबईहून निघालेल्या गाड्या विजेवर पुणे आणि इगतपुरी अशा दोन ठिकाणांपर्यंत जात, आणि तिथे इंजिन बदलून पुढचा प्रवास वाफेवर होई. पुण्यापुढे दौंड–सोलापूरकडे, तर इगतपुरीपुढे नाशिक, मनमाड, भुसावळकडे. म्हणजे विजेचा खांब आणि वाफेचे मेल इंजिन एकाच चौकटीत दिसण्याची अगदी नेहमीची जागा म्हणजे ही दोन स्थानके. त्यांपैकी डोंगराची रांग जवळ असलेले इगतपुरी. घाट, तारा आणि डोंगर एकत्र पाहून कोणालाही खंडाळा आठवणे स्वाभाविक आहे. दोन्ही घाट सह्याद्रीचेच.

‘म’ हे अक्षर त्याहून मोलाचे आहे. ते सरळ वाचता येते, म्हणजे छपाई उलटी झालेली नाही. दुसरे असे की हा ‘म’ मध्य रेल्वेचा; मध्य रेल्वेची स्थापना ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली आणि त्याआधी टेंडरवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची इंग्रजी आद्याक्षरे असत. म्हणजे छायाचित्र त्या तारखेनंतरचे, १९४८ चे नव्हे. इगतपुरीच्या पुढे विजेच्या तारा १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळपर्यंत पोहोचल्या, त्यामुळे कालावधीची वरची मर्यादाही मिळते. गाडीचे नाव मात्र छायाचित्रावरून सांगू नये. पंजाब मेल असेल, कलकत्ता मेल असेल. इंजिनावर फलक नसताना नाव लिहिणे म्हणजे मागच्या मजकुराची चूक आपण पुन्हा करणे.

प्रतिसाद – रूळवेडा

क्रमांक हाती लागला तर फार उपयोग होईल. डब्ल्यूपीचे क्रमांक ७००० ते ७७५४ या टप्प्यात आहेत, आणि ७२०० ते ७२१५ ही मूळ सोळा इंजिने. मूळ छायाचित्र घरीच असल्यामुळे मोबाइलने फोटो काढू नका. फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला, रंगछटा न बदलता स्कॅन करा, आणि नंतर तिरप्या उजेडात मूळ कागद एकदा पाहा. कागदावरचा ओरखडा आणि आकड्याची रेघ यांतला फरक स्कॅनपेक्षा तिरप्या उजेडात लवकर कळतो. ‘छायाचित्र सुस्पष्ट’ करून देणारी हल्लीची साधने कृपया वापरू नका. ती पुसट ३ चा ८ मोठ्या आत्मविश्वासाने करून देतात.

जुनाअल्बम

स्कॅन केले. बफरपट्टीवरचा, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवरचा, क्रमांक ७ ने सुरू होतो, दुसरा आकडा २ किंवा ३ आहे आणि उरलेले दोन दिवसभर पाहूनही लागले नाहीत. आज आत्याला फोन केला, तेव्हा तिने सांगितले की तिच्या जन्मानंतर, म्हणजे १९५३ नंतर, आजोबांची बदली नाशिकला झाली होती आणि ते सुट्टीत मुंबईला जाताना इगतपुरीला गाडी बराच वेळ थांबे, इंजिन बदलेपर्यंत सगळे फलाटावर उतरत. ‘राणी’ हा शब्द आजी कोणत्याही मेल गाडीला वापरायची, असेही ती म्हणाली. मागचा शाईचा मजकूर तसाच ठेवला आहे. डिजिटल प्रतीखाली ‘डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन, बहुधा इगतपुरी, १९५१ नंतर’ एवढेच लिहीन.